हुंड्यातली सायकल आणि आमचं वर्षाचं अंतर

(श्रीरामपूर इथे झालेल्या महिला कार्यकर्त्यांच्या मेळाव्यातील भाषण, थोडे संक्षिप्त करून)



आजच्या विषयपत्रिकेत माझ्या नावापुढे 'कौटुंबिक हिंसाचार आणि समुपदेशन' असं लिहिलेलं आहे. त्या विषयावर मी पुष्कळदा बोलले आहे, पुढेही बोलेन. पण आज संयोजक ताईंची परवानगी काढून मी सायकलवर बोलणार आहे. हसू नका. हे दोन विषय फारसे वेगळे नाहीत, हे मला गेल्या दीड-दोन वर्षांत कळलं. ते कसं, तेवढंच सांगायला उभी आहे.

आमच्या केंद्रात दर मंगळवारी श्रीरामपूर तालुक्यातल्या, थोड्या राहात्याच्या आणि नेवाशाच्या वाड्यावस्त्यांवरून बाया येतात. एका मंगळवारी एक बाई दुपारी अडीचला पोचली. तिला बोलावलं होतं अकराला. मी जरा चिडूनच विचारलं, "इतका उशीर?" ती म्हणाली, "गाडी आलीच नाही, ताई. चालत आले." नऊ किलोमीटर! एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट मार्च २०२३ पासून मिळतं. चांगलीच गोष्ट आहे. पण जी गाडी गावात येतच नाही, तिचं अर्धं तिकीट काय आणि पुरं काय? मी विचारलं, "घरी सायकल नाही का?" तर म्हणते, "आहे की. सासऱ्याची. माळ्यावर पडलीय गंजत."

पुढच्या महिन्यात बचत गटाच्या बैठकीत मी सहज प्रश्न टाकला, कुणाकुणाच्या घरी जुनी सायकल पडून आहे? निम्म्याहून जास्त हात वर आले. कुणाकडे ॲटलस, कुणाकडे हर्क्युलस, कुणाकडे हिरो, एकीकडे तर रॅले. कडब्याच्या मागे, माळ्यावर, गोठ्यात. चालवत कुणी नाही, कारण घरातल्या पुरुषांकडे आता मोटारसायकली आल्या. मी दुसरा प्रश्न विचारला, या सायकली घरात आल्या कशा? आधी सगळ्या गप्प. मग मागे बसलेली एक आजी बोलली. सुनेबरोबर आली होती, सत्तरीला टेकलेली. म्हणाली, "आली कशी म्हणजे? माझ्या बापानं घेतली. माझ्या लग्नात."

तिचं लग्न बहात्तरच्या दुष्काळाच्या पुढच्या उन्हाळ्यात झालं. वय सतरा. बाप दुष्काळी कामावर खडी फोडत होता. नवऱ्या मुलाकडून सांगावा आला, घड्याळ आणि सायकल पाहिजे. बापानं दावणीची गाय विकली आणि सायकल घेतली. आजी सांगत होती, "बापानं घेतली, नवऱ्यानं चालवली, आणि मी तिच्यावर बसले दोनदा, तीही मागं, कॅरिअरवर. एकदा दवाखान्यात जाताना आणि एकदा बाप गेला तेव्हा."

मग एकेक जण बोलायला लागली. कुणाच्या सासूच्या लग्नातली, कुणाच्या आत्याच्या. सायकल, घड्याळ, रेडिओ हा त्या काळचा ठरलेला हुंडा होता हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. पण माळ्यावरची ती गंजलेली वस्तू म्हणजे आपल्याच घरातल्या कुठल्यातरी बाईच्या बापाचा घाम आहे, हे आमच्या ध्यानात आलं नव्हतं. तिच्या नावावर घेतलेल्या गाडीवर तिला कधी बसता आलं नाही.

मी त्या दिवशी हुंडा प्रतिबंधक कायद्याची माहिती सांगायला गेले होते. १९६१ चा हा कायदा. त्याचं सहावं कलम आपण शिबिरात घाईघाईनं वाचून पुढे जातो. हुंडा घेणं-देणं गुन्हा तर आहेच, पण कुणी घेतलाच असेल तर तो त्या बाईचा आहे, आणि ज्याच्या हातात पडला त्यानं तो तिला दिला पाहिजे, असं ते कलम सांगतं. मी हे सांगितलं तशी आजी उठून उभी राहिली. "म्हंजे ती सायकल माझीच की!" मी म्हटलं, "आजी, पन्नास वर्षांनी कोर्टात काय टिकेल ते वकील सांगतील. पण माझ्या मते तुमचीच." आजी सुनेकडे वळून म्हणाली, "उद्या खाली काढ. मी काही आता बसत नाही. तू बस."

आमची सुरुवात ही अशी झाली. आठवडाभरात सात सायकली खाली निघाल्या. माझ्या स्वतःच्या घरी नव्हती, मी भंगारवाल्याकडून एक लेडीज सायकल किलोच्या भावानं घेतली. सातांपैकी चार सायकली हुंड्यातल्या निघाल्या.

आता या सायकली कशा असतात? अठ्ठावीस इंची चाकं, गिअर नाही, हँडलपासून चाकापर्यंत लोखंडी दांड्यांचे ब्रेक, पूर्ण चेनकव्हर, मागे मजबूत कॅरिअर. वजन अठरा-वीस किलो. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद पडला. तो जागतिक सायकल दिन होता! कामगारांना गेटवर कागद चिकटवलेला दिसला. तरीही या जातीच्या सायकलींचे टायर, ट्यूब, ब्रेकचे रबर अजून गावात मिळतात, कारण दूधवाले आणि पाववाले अजून त्या वापरतात. नव्या महागड्या सायकलीचा भाग पुण्याहून मागवावा लागतो, हिचा बाजारतळावर मिळतो.

मिस्त्री जुना माणूस. सात बाया सात सायकली ढकलत आलेल्या बघून म्हणाला, "बाई, या चालवायच्या का मिरवणुकीत लावायच्या?" पण पहिली सायकल उघडली तसा त्याचाही जीव रमला. हबमधले छर्रे काढून धुतले, नवीन ग्रीस भरलं, चाकांचा आऊट काढला, फ्रीव्हील बदलली. आम्ही त्याला म्हटलं, पैसे देतो, पण आमच्यासमोर काम करा आणि शिकवा. चार रविवार तो शिकवत होता. पंक्चर कसं शोधायचं, चेन किती ढिली ठेवायची, ब्रेकचं रबर रिमला कुठे टेकलं पाहिजे. ज्या बाईच्या हाताला पाना माहीत नव्हता ती आता दहा मिनिटांत चाक काढते. मी एम.एस.डब्ल्यू. आहे, सक्षमीकरण या विषयावर परीक्षेत उत्तम गुण मिळवलेले आहेत. पण आपल्या हातानं पंक्चर काढलेल्या बाईचा चेहरा मी पहिल्यांदाच बघितला.

शिकण्याची गोष्ट थोडक्यात सांगते. सातापैकी तिघींनाच येत होती, तीही शाळेत असताना. बाकीच्या चौघी मार्केट यार्डाच्या मोकळ्या जागेत, सकाळी लोक येण्याआधी शिकल्या. जेन्ट्स सायकलच्या मधल्या नळीची सगळ्यांना भीती. कुणी पातळ कासोट्यासारखं खोचून घेतलं, कुणी पंजाबी ड्रेस घातला, त्यावरून घरी वाद झाले. सीट पार खाली केली. पडलो, गुडघे फुटले. तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१-९२ साली साक्षरता मोहिमेबरोबर बायकांना सायकल शिकवण्याची मोठी चळवळ झाली. शीला राणी चुंकत या तिथल्या कलेक्टर होत्या. लाखाच्या वर बाया शिकल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलं आहे. लेडीज सायकली पुरल्या नाहीत म्हणून बायांनी जेन्ट्स घेतल्या, आणि नंतर कित्येकींना त्याच बऱ्या वाटल्या, कारण मधल्या नळीवर पोर बसवता येतं. हे मी वाचून दाखवलं तेव्हा नळीची भीती निम्मी कमी झाली.

आता वर्षाच्या उद्दिष्टाकडे येते. इथे मी चुकले, आणि ती चूक आपण कार्यकर्त्या सगळ्याच करतो, म्हणून नीट सांगते.

लांब पल्ल्याच्या सायकलिंगची फ्रान्समध्ये जुनी परंपरा आहे. पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत, बाराशे किलोमीटर, ही फेरी १८९१ साली सुरू झाली. त्याच परंपरेतून 'ब्रेव्हे' नावाचा प्रकार आला. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, तीनशे वीस तासांत, चारशे सत्तावीस तासांत, सहाशे चाळीस तासांत. एका हंगामात हे चारही टप्पे पुरे केले की त्या माणसाला मान मिळतो. मला यातली एक गोष्ट फार आवडली. ही शर्यत नाही. पहिला नंबर नाही, दुसरा नाही. वेळेत पोचणारे सगळे सारखे. आपल्याकडे पुण्या-मुंबईला, नाशिकला अशा फेऱ्या होतात.

मी उत्साहात केंद्राच्या भिंतीवर तक्ता लावला. जानेवारी वीस किलोमीटर, फेब्रुवारी चाळीस, असं वाढवत वाढवत डिसेंबरला दोनशे. रकाने पाडले. नाव, उद्दिष्ट, साध्य. प्रकल्पाचा अहवाल लिहिण्याची सवय, दुसरं काय! जानेवारीत सातही जणी आल्या. फेब्रुवारीत चार. मार्चमध्ये मी आणि आजीची सून, दोघीच. मी बैठक बोलावली, थोडं भाषणही दिलं. तेव्हा आमच्यातली शिवणकाम करणारी बाई म्हणाली, "ताई, गटाचा हप्ता भरायचा, पोरांची फी भरायची, आता किलोमीटरचापण हप्ता भरायचा का?"

मी गप्प बसले. खरंच होतं. बाईचं सगळं वर्ष दुसऱ्यांच्या तारखांनी भरलेलं असतं. सोयाबीन काढणी, कांद्याची लागण, मुलांच्या परीक्षा, सासरच्यांची जत्रा, हरतालिका, वटपौर्णिमा, गटाचा हप्ता. त्यात मी आणखी बारा तारखा घुसडल्या होत्या, आणि त्याही माझ्याच. उद्दिष्ट ठरवण्याचा हक्क मी स्वतःकडे ठेवला आणि ते गाठायचं काम त्यांना दिलं. घरात नवरा हेच करतो, तेव्हा आपण त्याला पुरुषप्रधानता म्हणतो.

तक्ता काढला. मी एवढंच विचारलं, या वर्षात तुला तुझ्या पायांनी कुठे जायचंय? किलोमीटर सांगू नका, गाव सांगा. आणि काय काम आहे ते मी विचारणार नाही.

उत्तरं ऐका. अंगणवाडी सेविका म्हणाली, शिर्डी. देवदर्शनाला नाही, ते तर वर्षातून चारदा होतं. एका दिवसात जाऊन यायचंय. शिवणकाम करणारी म्हणाली, हरेगावची मतमाऊलीची यात्रा, लहानपणी चालत गेले होते. कॉलेजात शिकणारी मुलगी म्हणाली, पुणतांब्याला गोदावरी बघायची. आजीची सून म्हणाली, नगर. रोपवाटिकेत मजुरी करणारी म्हणाली, माहेर, आणि फोन न करता जायचंय. सहावी, आमच्यातली सगळ्यात मोठी, चोपन्न वर्षांची, ती म्हणाली, "मला कुठंच पोचायचं नाही. प्रवरेच्या कालव्याकडंनं नुसतं जात राह्यचंय, कंटाळा येईस्तोवर." मी म्हटलं, हेही लिहू. आणि मी? माझ्या यादीत दोनशे किलोमीटर होते, ते मी खोडले आणि लिहिलं, सगळ्यांबरोबर.

या गावांना मग आम्ही महिने जोडले, आणि ते हवामान आणि रस्ता बघून जोडले. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे. तेव्हा लांब जायचं नाही, पहाटे दहा-बारा किलोमीटर फक्त सवय टिकवायला. जून ते ऑगस्ट आपली काळी माती. मडगार्डमध्ये एकदा चिकटली की चाक फिरत नाही, काडीनं उकरत बसावं लागतं. दांड्यांचे ब्रेक ओल्या रिमवर धरत नाहीत. म्हणून पावसात डांबरी रस्ता सोडायचा नाही आणि उताराला उतरून चालायचं. थंडी चांगली, पण नोव्हेंबरपासून ऊस सुरू. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. म्हणून अंधारात निघायचं तर प्रत्येकीच्या मागच्या मडगार्डला लाल चकचकीत पट्टी आणि दिवा पाहिजेच. पाणी प्रत्येकीचं वेगळं. लघवीला कुठे थांबायचं ते आधी ठरवायचं. या गोष्टीवर आम्ही सगळ्यात जास्त वेळ बोललो, कारण बाया या एका कारणासाठी पाणी पीत नाहीत आणि मग चक्कर येते. वाटेतल्या शाळा, पेट्रोल पंप, ओळखीची घरं, सगळं वहीत लिहिलं.

तीन नियम केले. पहिला, सर्वांत मागे असेल तिचा वेग तोच सगळ्यांचा वेग. दुसरा, अंतर जाऊन-येऊन मोजायचं, कारण बाईला परत यावंच लागतं आणि परतीचा रस्ता नेहमी जास्त लांब असतो. तिसरा, एखादी आली नाही तर तिला कारण विचारायचं नाही. कारणं देऊन देऊन आपण थकलेल्या असतो, निदान इथे नको.

हा तिसरा नियम आमच्या अंगाशी आला. ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

रोपवाटिकेतली मैत्रीण ऑगस्टपासून आली नाही. आम्ही नियमाप्रमाणे विचारलं नाही. एक महिना गेला, दोन गेले. हरेगाव झालं, पुणतांबा झालं. ऑक्टोबरात ती मंगळवारी केंद्रात आली, चालत. नवऱ्यानं विळ्यानं दोन्ही टायर कापले होते. "कुणाला भेटायला जातीस?" एवढाच त्याचा प्रश्न. तिनं माहेरी जाऊन येते म्हटल्यावर मारलं होतं. दोन महिने ती आमची वाट बघत होती, कुणीतरी विचारायला येईल म्हणून. ती म्हणाली, "तुम्ही म्हणला होता विचारायचं नाही. म्हणून मीबी सांगितलं नाही."

मी समुपदेशक आहे. मला दहा वर्षांचा अनुभव आहे. जी बाई अचानक दिसेनाशी होते तिच्या घरी काय चाललेलं असू शकतं हे मला कळायला हवं होतं. मी एक छान तत्त्व धरून बसले आणि माझ्याच गटातली बाई एकटी पडली. नियम आम्ही बदलला. आता असा आहे: कारण विचारायचं नाही, पण भेटायला जायचं. दोन रविवार दिसली नाही की दोघींनी तिच्या दारात जायचं, चहा प्यायचा, आणि यायचं. बोलायचं असेल तर ती बोलेल.

२००५ च्या कायद्याखाली अर्ज करायचा का, हे तिनं अजून ठरवलेलं नाही. तिला मुलांची भीती वाटते. मी तिच्यावर दडपण आणत नाही. तिची सायकल केंद्रात उभी आहे, टायर नवे घातलेत. तिच्या नावापुढचं माहेर अजून बाकी आहे. आम्हा सहा जणींना जमलेलं असताना तिचं बाकी आहे, म्हणून आमचं वर्ष पुरं झालं असं आम्ही म्हणत नाही.

नगरची फेरी डिसेंबरात केली. कागदावर जिल्हा २०२४ पासून अहिल्यानगर झाला आहे, पण आपल्या तोंडी नगरच बसलंय. जाऊन-येऊन एकशेतीस-पस्तीस किलोमीटर. पहाटे साडेपाचला निघालो, पाच जणी. बेलापूरला प्रवरा ओलांडली तेव्हा धुकं होतं, पुढचीचा दिवा तेवढा दिसत होता. राहुरी फॅक्टरीला उजाडलं, चहा-भाकरी झाली. राहुरीहून पुढे मनमाड-नगर रस्ता. त्याची कीर्ती मी तुम्हाला सांगायला नको. खड्डा चुकवायला आत घ्यावं तर मागून ट्रक, बाहेर घ्यावं तर साइडपट्टी नाही. कृषी विद्यापीठाच्या पुढे आजीच्या सुनेची चेन उतरली, तिनंच बसवली. विळद घाट काही मोठा नाही, मोटारीत बसलं तर कळतही नाही. वीस किलोच्या सायकलवर, गिअर नसताना कळतो. आम्ही उतरलो आणि ढकलत चढलो. ढकलत चढण्यात आम्हाला कमीपणा वाटला नाही. साडेअकराला नगरात होतो.

नगरच का, हे सुनेला मी विचारलं नव्हतं, तिनंच तिथे सांगितलं. सावित्रीबाई फुले शिक्षिकेचं शिक्षण घ्यायला नगरला आल्या होत्या, अमेरिकन मिशनच्या मिस सिंथिया फरार यांच्याकडे. हे तिनं आमच्याच शिबिरात ऐकलं होतं. "त्या पुण्याहून इथवर आल्या शिकायला, मला श्रीरामपूरहून यायला काय झालं?" एवढंच म्हणाली. दहावीला तिची शाळा सुटली, कारण पुढची शाळा सहा किलोमीटरवर होती.

इथे थोडं थांबते. बिहार सरकारनं २००६ साली नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला तेव्हा माध्यमिक शाळेतलं मुलींचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास वाढलेलं दिसलं, आणि शाळा तीन किलोमीटरहून लांब होती त्या गावांत जास्त. म्हणजे मुलींना शिकायचं नसतं, आईबापांना शिकवायचं नसतं, हे आपण म्हणत होतो त्यात मधल्या रस्त्याचा वाटा केवढा होता! सुनेला वीस वर्षांपूर्वी ती माळ्यावरची सायकल मिळाली असती तर? माहेरीही एक होती म्हणे. ती भाऊ चालवायचा.

परतीला एकीचं गुडघेदुखीनं होईना, ती आणि तिची सायकल टेम्पोत बसवून दिली. चौघी संध्याकाळी सातला श्रीरामपुरात आलो. ब्रेव्हेच्या घड्याळात आम्ही बसलो नसतो, त्यांना तासाला पंधरा किलोमीटर लागतात. आजी ओट्यावर बसली होती. सायकलच्या सीटवरून हात फिरवून म्हणाली, "लई लांब गेली गं आज."

आता एका आक्षेपाला उत्तर देते. आपल्यातल्याच एका ज्येष्ठ मैत्रिणीनं मला विचारलं, प्रश्न इतके जळते असताना हे सायकलवरून फिरणं म्हणजे मध्यमवर्गीय चैन नाही का? मी पुष्कळ विचार केला. बाईला सायकल मिळते ती शाळेसाठी, रेशनसाठी, दुधासाठी, मुलांना सोडण्यासाठी. हे हवंच. पण कामाशिवाय बाईनं रस्त्यावर असणं आपल्याकडे अजून मान्य नाही. "कुठं चाललीस?" हा प्रश्न पुरुषाला कुणी विचारत नाही. १९२३ साली मुंबईहून काही पारशी तरुण सायकलवरून जगाच्या फेरीला निघाले, त्यातल्या तिघांनी १९२८ मध्ये ती पुरी केली. त्यांना कुणी विचारलं नाही, काय काम आहे म्हणून. त्यांच्याही आधी, १८९४ साली, ॲनी लंडनडेरी नावानं ओळखली जाणारी तीन मुलांची आई बोस्टनहून निघाली होती. तिची पहिली सायकल बेचाळीस पौंडांची होती, म्हणजे आपल्या ॲटलसएवढीच, आणि अंगात लांब झगा. वाटेत तिनं हलकी पुरुषी सायकल घेतली आणि कपडेही बदलले. त्यावर काय कमी बोललं गेलं? सायकल चालवल्यानं बायकांचा चेहरा बिघडतो असं त्या काळी डॉक्टर सांगत. १८९७ साली केंब्रिजला बायकांना पदवी देण्याला विरोध म्हणून तिथल्या विद्यार्थ्यांनी एका बाईची प्रतिमा चौकात लटकवली, ती सायकलवर बसलेली होती! शिकलेली बाई आणि सायकलवरची बाई, दोघींची भीती त्यांना एकच वाटत होती. विळ्यानं टायर कापणाऱ्या नवऱ्यालाही तीच वाटली.

आपल्या महाराष्ट्रातल्या मुली आज फार पुढे गेल्या आहेत. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीनं २०१८ साली, विसाव्या वर्षी, १५९ दिवसांत एकोणतीस हजार किलोमीटरची जगाची फेरी पुरी केली. पुण्याच्याच प्रीती मस्के, दोन मुलांची आई, २०२२ साली लेह ते मनाली पंचावन्न तासांत गेल्या. त्यांचा अभिमान आहेच. पण सगळ्यांना तसं व्हायचं नसतं. आमच्या चोपन्न वर्षांच्या मैत्रिणीनं कालव्याच्या कडेनं एका रविवारी बावीस किलोमीटर केले आणि कंटाळा आला तशी परतली. तिचंही उद्दिष्ट पुरं झालं.

तुमच्या गावात करायचं असेल तर माझा अनुभव एवढाच. नव्या सायकलींसाठी अनुदान शोधत बसू नका, आधी माळे बघा. सायकल कुणाच्या लग्नातली ते विचारा, त्या प्रश्नानं बैठक आपोआप सुरू होते. मिस्त्रीला शिकवायला लावा. तक्ता लावू नका. गाव तिला निवडू द्या, महिना हवामानाला निवडू द्या. आणि कुणी दिसेनाशी झाली तर तिच्या दारात जा.

पुढच्या वर्षासाठी आमच्या वहीत नवी नावं आली आहेत. एकीनं चौंडी लिहिलंय, जामखेड तालुक्यातलं, अहिल्याबाईंचं जन्मगाव. नगरच्याही पलीकडे, म्हणजे मुक्काम करावा लागेल. बाईनं एक रात्र घराबाहेर काढायची, आजारपण नाही, बाळंतपण नाही, मयत नाही. यावर सध्या पाच घरांत वाद चालू आहेत. ते कसे मिटतात ते पुढच्या मेळाव्यात सांगेन.

वहीचं पहिलं पान मात्र कोरं ठेवलं आहे. त्यावर फक्त एका माहेरचं नाव आहे. ज्या दिवशी ती म्हणेल त्या दिवशी आम्ही सहाही जणी तिच्याबरोबर जाणार आहोत, फोन न करता.

आज घरी गेल्यावर माळ्यावर एकदा बघा.